भाग संपला, आता बोलू या

या महिन्याच्या पत्रांचा सूर एकच आहे. ‘नवा भाग बघितला आणि...’ अशी सुरुवात, आणि पुढे कुणी चिडलंय, कुणी रडलंय, कुणी सिरीज कायमची सोडल्याचं जाहीर केलंय. मला ही पत्रं फार प्रिय आहेत. न भेटलेल्या, मुळात नसलेल्याच माणसांना कुणी इतका जीव लावतो, तेव्हा त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं. एक सूचना तेवढी देते: प्रश्नात ज्या सिरीजचं नाव आहे, तिचं कथानक उत्तरात उघड होणार. बघायची राहिली असेल तर ते उत्तर आत्ता सोडा.

प्रश्न : ‘सेव्हरन्स’च्या दुसऱ्या सीझनसाठी जवळपास तीन वर्षं थांबलो. सातव्या भागाने हादरवलं, आणि आठव्यात काय, तर कोबेल एकटी गाडी चालवत एका ओसाड गावात जाते. आठवडा वाया गेला. मित्र म्हणतो, तुला कळलंच नाही. खरंच कळलं नाही का?

कळलंय तुम्हाला. कंटाळा आला तर आला, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण तो नेमका कशाचा आला, हे जरा खोदून बघू.

सिरीज न बघितलेल्यांसाठी एवढंच: ल्युमन ही कंपनी मेंदूत चिप बसवून माणसाची दोन माणसं करते, कामावरच्या ‘आतल्याला’ बाहेरचं आठवत नाही आणि बाहेरच्याला आतलं. मार्क तिथला कर्मचारी, कोबेल त्याची आधीची वरिष्ठ, आणि जेमा ही मेली असं समजलेली त्याची बायको. सातवा भाग २८ फेब्रुवारी २०२५ रोजी आला. सिरीजच्या छायाचित्रणकार जेसिका ली गान्ये यांनी तो दिग्दर्शित केला, आणि दिग्दर्शक म्हणून ते त्यांचं पहिलंच काम. जेमा ल्युमनच्या तळघरात जिवंत आहे आणि तिथल्या प्रत्येक दारामागे तिची एक वेगळीच ‘ती’ जगतेय. एक कायम दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत. एक कायम हेलकावे खाणाऱ्या विमानात. एक कायम नाताळच्या भेटींसाठी आभाराची पत्रं लिहीत बसलेली. शेवटी ती डॉक्टरला खुर्ची हाणते, लिफ्ट गाठते, आणि वर पोचेपर्यंत तिचा चेहरा कोरा होतो. ती आता मिस केसी, म्हणजे तिचीच कामावरची ‘आतली’ बाई, झालेली असते, आपण का पळत होतो हे तिला माहीतच नसतं. तिथला व्यवस्थापक मिल्चिक गोड बोलून तिला परत खाली पाठवतो. हे बघितल्यावर आपल्याला एकच गोष्ट हवी असते: मार्क तिला आणायला कधी निघतो?

आणि पुढच्या आठवड्यात मिळतो सदतीस मिनिटांचा, जवळजवळ मार्कविना असलेला भाग. तुमचा राग आठव्या भागापेक्षा त्याच्या जागेवर जास्त आहे, असं मला वाटतं. हाच भाग सीझनच्या पहिल्या अर्ध्यात आला असता तर तुम्ही तो शांतपणे बघितला असता. शिवाय त्यातला बराच वेळ माणसं एकमेकांना अर्धवट वाक्यं बोलतात, आणि ती अर्धवट ठेवण्याचं कारण पात्रांकडे नाही, लेखकांकडे आहे. तिथे मीही अस्वस्थ झाले.

पण वाया गेला असं मात्र म्हणू नका. ज्या गावात कोबेल लहानपणी ल्युमनच्या ईथरच्या कारखान्यात राबली, ते गाव आता आतून खंगलंय. आईची खोली मावशीने कुलूप लावून ठेवलीय. कोबेल आत शिरते, आईच्या पलंगावर आडवी होते आणि आईच्या श्वासाची नळी स्वतःच्या तोंडात धरून रडते. पॅट्रिशिया आर्केटने पहिल्या भागापासून या बाईला जो ताठा दिला होता, तो त्या पलंगावर पहिल्यांदा सुटतो. मग जुन्या कागदांतून कळतं की माणसाची दोन माणसं करणारी ती चिप मुळात हिनेच रचली होती आणि श्रेय कंपनीने घेतलं. शेवटच्या भागात हीच कोबेल मार्कला सांगते की तू पडद्यावर जे आकडे वेचत होतास, ती तुझी बायको होती. हे दुसऱ्या कुणाच्या तोंडी घातलं असतं तर पटलं नसतं.

आणि शेवटच्या भागाबद्दल तुम्ही लिहिलंच नाही! २१ मार्चचा तो भाग पुन्हा बघा, निदान केबिनमधला प्रसंग. मार्क दारातून आत आला की एक मार्क, बाहेर गेला की दुसरा. दोघं एका कॅमेऱ्यावर निरोप रेकॉर्ड करून एकमेकांशी बोलतात. बाहेरचा मार्क आधी नम्र असतो, समजूतदार असतो. मग बोलण्याच्या ओघात तो हेलीचं, म्हणजे आतल्या मार्कचा जीव जडलेल्या सहकारी मुलीचं, नाव चुकवतो, ‘हेलेनी’ म्हणतो. आतला मार्क ते ऐकतो. ज्या मुलीवर आपलं अख्खं आयुष्य टिकून आहे, तिचं नावही या माणसाला धड माहीत नाही, आणि हा आपल्याला स्वतःचं आयुष्य सोडून द्यायला सांगतोय. ॲडम स्कॉटच्या चेहऱ्यावर तिथे जे होतं, त्यातून पुढचं सगळं येतं. दाराच्या पलीकडे जेमा काच बडवत असताना तो वळतो आणि हेलीकडे जातो, ते त्या एका चुकलेल्या नावापासून ठरत आलेलं आहे. अनेकांनी हा शेवट ‘धक्का’ म्हणून सांगितला. मला तो धक्का वाटलाच नाही, मला तो अटळ वाटला, आणि म्हणूनच जास्त लागला.

प्रश्न : ‘फिलर’, म्हणजे कथा पुढे न नेणारे भाग सरळ सोडून दिले तर चालतील का? वेळ कमी असतो.

कथेचा सारांश हवा असेल तर चालतील. पण मग सारांशच वाचा, तो आणखी कमी वेळात होतो.

‘ब्रेकिंग बॅड’चा तिसऱ्या सीझनमधला माशीचा भाग आठवा. मे २०१० मध्ये तो आला तेव्हा ‘काहीच घडलं नाही’ म्हणणारे पुष्कळ होते, आजही आहेत. अमली पदार्थ बनवण्याच्या प्रयोगशाळेत एक माशी शिरते आणि ते बनवणारे वॉल्टर आणि जेसी भागभर तिच्या मागे लागतात, बस. पैसे वाचवण्यासाठी एकाच सेटवर, मोजक्या नटांत उरकायचा असा तो बेत होता. पण शेवटाकडे या. जेसी शिडीवर चढलाय, शिडी डुगडुगतेय, खाली वॉल्टर ती धरून उभा आहे. जेसीने त्याच्या कॉफीत झोपेच्या गोळ्या घातल्यात, त्यामुळे वॉल्टरची जीभ सैल सुटलीय. जेसीची प्रेयसी जेन हिच्या मृत्यूबद्दलची खरी गोष्ट, जी जेसीला कळली तर सगळं संपेल, ती त्याच्या ओठांपर्यंत येते. तो म्हणतो, मला वाईट वाटतं जेनचं. जेसी वरून म्हणतो, मलाही. आणि वॉल्टर तेवढ्यावर थांबतो. गोळी नाही, पाठलाग नाही. पण संपूर्ण सिरीजमध्ये शिडीखालच्या त्या मिनिटाइतकी भीती मला क्वचितच वाटली असेल. दिग्दर्शक रायन जॉन्सन. पुढे २०१३ मध्ये शेवटून तिसरा भाग त्यांनीच केला, ज्याला बरेच जण टेलिव्हिजनवरचा सर्वांत उत्तम भाग मानतात.

एकूण ६२ भागांची सिरीज आहे. त्यातला एक तास माशीला द्या.

प्रश्न : आवडतं पात्र मारलं की मी सिरीज सोडते. लेखकांना प्रेक्षकांची काहीच किंमत नसते का? घरचे म्हणतात मी अतिरेक करते.

अतिरेक नाही. ज्याच्यासाठी बघत होता तोच गेला, तर जाण्याचा हक्क तुमचा आहे. पण सोडण्यापूर्वी एवढंच तपासा की मरण कसं दाखवलं. काही मरणं फक्त खळबळ उडवण्यासाठी लिहिलेली असतात आणि पुढच्या भागात कुणाला त्याचा पत्ताही नसतो. अशा सिरीज बेलाशक सोडा. पण काही मरणं पात्राचा मान राखतात. त्यासाठी दोन दाखले देते, एक जुना, एक अलीकडचा.

‘मॅश’ ही कोरियन युद्धातल्या फिरत्या इस्पितळावरची सिरीज. बऱ्याच अंशी विनोदी. मार्च १९७५ मध्ये तिसऱ्या सीझनच्या शेवटी कर्नल हेन्री ब्लेकची सुटका होते, तो घरी निघतो, सगळे हसत-रडत निरोप देतात. भाग इथेच संपेल असं वाटतं. मग शस्त्रक्रियेच्या खोलीत रडार हा तिथला कारकून येतो. डॉक्टर कापाकापीत गुंतलेले. कुणीतरी त्याला दटावतं, मास्क लाव. तो मास्क न लावता हातातला कागद वाचतो: हेन्रीचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणीही वाचलं नाही. स्क्रिप्टचं हे शेवटचं पान नटांना आधी दिलेलंच नव्हतं, बाकीचं चित्रीकरण उरकल्यावर दिलं. आणि मग त्या शांततेत कुणाच्या तरी हातून एक अवजार खाली पडल्याचा खणखणाट होतो. ते ठरवून केलेलं नव्हतं, पण तसंच ठेवलं. डॉक्टर हात थांबवत नाहीत, कारण समोर टेबलावर दुसरा जखमी आहे. प्रेक्षकांनी तेव्हा चॅनेलला संतापाची पत्रं पाठवली. पण निर्मात्यांचं म्हणणं ठाम होतं की युद्धाची गोष्ट सांगायची तर सगळेच सुखरूप घरी पोचत नाहीत.

दुसरा दाखला ‘सक्सेशन’चा. ९ एप्रिल २०२३, शेवटच्या सीझनचा तिसराच भाग. लोगन रॉय, ज्याच्याभोवती सगळं फिरतं, तो विमानात कोसळतो आणि आपण विमानात नसतोच. आपण बोटीवर आहोत, थोरल्या मुलाच्या लग्नात, आणि धाकट्या तिघांच्या हातात एक फोन आहे. पलीकडे विमानात जावई टॉम फोन म्हाताऱ्याच्या कानाशी धरतो. ऐकू जातंय का, माहीत नाही. तो आहे की गेला, माहीत नाही. रोमन घाईघाईने काहीबाही बोलून जातो आणि फोन पुढे देतो. केंडल एका दमात माफ करू शकत नाही म्हणतो आणि प्रेम आहे असंही म्हणतो. शिवला शोधून आणावं लागतं, आणि ती बोलायला लागते तेव्हा तिचा आवाज लहान मुलीचा होतो. दिग्दर्शक मार्क मायलॉड यांनी हा प्रसंग आधी तुकड्यांत घेतला, आणि मग न थांबता, जवळपास अर्ध्या तासाचा एकच टेक घेतला. फिल्मची रिळं संपतात म्हणून कॅमेरे पाळीपाळीने भरत. त्यामुळे त्या चेहऱ्यांवरचा गोंधळ जुळवून आणलेला वाटत नाही.

ज्याने हा अनुभव घेतलाय, दूर असताना फोनवर असं काही ऐकलंय, त्याला हा भाग बघणं जड जाईल. मला गेलं. मी मधे थांबवून पाणी प्यायले आणि मग पुढे बघितला. लेखकांना प्रेक्षकाची किंमत असते ती इथे दिसते: त्यांनी आपल्याला मोठा भाषणबाज मृत्यू दिला नाही, मुलांना जेवढं कळलं तेवढंच आपल्याला दिलं.

प्रश्न : ओपनिंग टायटल्स स्किप करावीत का?

नको. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या टायटल्समधला नकाशा बदलत असे, त्या भागात कुठल्या ठिकाणी जायचंय ते तिथेच कळायचं. ‘द वायर’च्या पाचही सीझनना गाणं एकच आहे, पण दर सीझनला गायक वेगळा. बाल्टिमोर शहर तेच, बघणारी बाजू दर वर्षी नवी, हे ते गाणंच सांगतं. ते ऐकायला मिनिट-दीड मिनिट लागतं. तेवढ्यात मन घरातल्या कामांतून बाहेर येतं.

प्रश्न : सगळे भाग एकदम आले तर मी एका सुट्टीत संपवतो. मजा येते, पण महिन्याभराने काहीच आठवत नाही. दर आठवड्याला एक भाग बघणं खरंच चांगलं का, की ती जुन्या लोकांची हौस?

तुमच्या पत्रातच उत्तर आहे. आठवत नाही ना?

१ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेराही भाग एकाच दिवशी टाकले आणि सवयच बदलली. त्याआधी वाट बघणं हाच बघण्याचा अर्धा भाग होता. ‘डॅलस’मध्ये २१ मार्च १९८० रोजी जे. आर. युइंगवर गोळी झाडली गेली. कुणी झाडली, हे कळलं २१ नोव्हेंबरला. त्या वर्षी अमेरिकेतल्या नटांचा संप झाला, त्यामुळे वाट आणखी लांबली. गुपित फुटू नये म्हणून वेगवेगळ्या पात्रांच्या हाती पिस्तूल देऊन प्रसंग चित्रित केले होते. उत्तराचा तो भाग एकट्या अमेरिकेत आठ कोटींहून अधिक लोकांनी बघितला. आठ महिने लोकांनी आपापसांत तर्क लढवले, आणि त्या तर्कांतून पात्रं त्यांच्या घरात राहायला आली.

भाग लिहिणारे तो एका विशिष्ट ठिकाणी तोडतात. तोडण्याची ती जागा निवडायला त्यांनी डोकं लावलेलं असतं. पुढचा भाग पाच सेकंदांत सुरू झाला तर ती जागा पुसली जाते. म्हणून पहिलं काम: सेटिंगमध्ये जाऊन पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा. दुसरं: श्रेयनामावली पूर्ण जाऊ द्या. तिसरं, मी करते ते सांगते. माझ्याकडे एक वही आहे. भाग संपला की कुणाचंही मत वाचण्याआधी त्यात लिहिते, की डोळे मिटल्यावर आधी कुठला प्रसंग दिसला आणि कुठे माझं लक्ष उडालं. एवढंच. गुण देत नाही, तर्क लिहीत नाही. मग धाकट्या बहिणीला फोन. ती दूर राहते, आम्ही एकच भाग एकाच रात्री बघतो, आणि तिला आधी दिसलेला प्रसंग माझ्यापेक्षा वेगळाच असतो. ती नेहमी मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघते. तिच्यामुळे मी कितीतरी भाग दुसऱ्यांदा बघितलेत.

तुम्ही सगळं एका दिवसात बघू नका असं मी म्हणत नाही. पण ज्या सिरीजवर तुमचं खरंच प्रेम बसलंय, तिला रोज एक भाग द्या. करून बघा आणि मला कळवा.

प्रश्न : दोन सीझनमध्ये इतकी वर्षं का लागतात? पूर्वी तर दरवर्षी यायचे.

पूर्वी अमेरिकेतली चॅनेल वर्षाला बावीसच्या आसपास भाग काढत. इस्पितळावरच्या ‘ईआर’ने १५ वर्षांत ३३१ भाग केले. आता भाग आठ-दहा, पण एकेकाचा पसारा सिनेमाएवढा. लिखाण आधी, मग चित्रीकरण, मग महिनोन्‌महिने दृश्यपरिणाम. त्यात २०२३ मध्ये दोन संप आले: लेखकांचा २ मे ते २७ सप्टेंबर, १४८ दिवस, आणि नटांचा १४ जुलै ते ९ नोव्हेंबर, ११८ दिवस. संप योग्य कारणांसाठी होते. मोबदला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर हे मोठे मुद्दे होते, आणि मी ठामपणे लेखकांच्या बाजूने होते. आपल्याला जी माणसं आवडतात ती कुणीतरी लिहिलेली आहेत. पण याची झळ बसली हे खरं. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ जुलै २०१६ ला सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, पाचच सीझनमध्ये. मुलं म्हणून आलेले नट मोठे होऊन गेले.

दरवर्षी येता येतं, हे ‘द पिट’ने दाखवलंय. पहिला सीझन जानेवारी २०२५, दुसरा जानेवारी २०२६. बहुतेक सगळं एकाच इमर्जन्सी वॉर्डात घडतं, हे त्याचं मोठं कारण.

प्रश्न : ‘द पिट’च्या तेराव्या भागाला मी इतकी रडले की घरच्यांनी चेष्टा केली. खोट्या डॉक्टरसाठी रडणं बावळटपणाचं आहे का?

नाही. मुळीच नाही. चेष्टा करणाऱ्यांना शेजारी बसवा आणि पहिल्या भागापासून दाखवा, मधूनच तेरावा दाखवून उपयोग नाही.

कारण या सिरीजची सगळी ताकद साठत जाण्यात आहे. पंधरा भाग म्हणजे एकाच पाळीचे पंधरा तास, सकाळी सातपासून. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, त्यामुळे इथे रडा, इथे घाबरा असं कुणी सांगत नाही. नोआ वाइलीचा डॉक्टर रॉबी तासामागून तास कुणाची तरी वाईट बातमी कुणाला तरी सांगत राहतो, आणि दर वेळी शांत असतो. त्याचा शांतपणा आपण गृहीत धरायला लागतो. मग बाराव्या भागात गोळीबारातले जखमी लोंढ्याने येतात. मनगटावर रंगीत पट्टे बांधून कुणाला आधी, कुणाला नंतर, कुणाला आता काहीच नाही, हे सेकंदांत ठरवायचं. आणि तेराव्यात ज्या मुलीला वाचवायचा तो हट्ट धरतो, ती वाचत नाही. मुलांच्या वॉर्डातल्या खोलीत, भिंतीवर प्राण्यांची गोड चित्रं, खाली मृतदेह ठेवलेत, आणि तिथे तो कोसळतो. माझाही बांध तिथेच फुटला. आपण त्याच्यासाठी रडतो तेवढंच नाही. बारा तास हा माणूस सगळ्यांना धरून होता आणि त्याला कुणी धरलेलं नव्हतं, हे आपल्याला त्या खोलीत उशिरा कळतं, त्याचंही ते रडू आहे.

१९९४ मध्ये ‘ईआर’मध्ये हाच नट पहिल्या दिवशीचा घाबरलेला विद्यार्थी होता. ते ज्यांनी बघितलंय त्यांच्यासाठी तर ही खोली आणखीच जड.

प्रश्न : ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या शेवटाने आठही सीझन मातीत घातले. आता पुन्हा बघायची इच्छाच होत नाही. तुम्हाला राग येत नाही?

येतो, पण माझा राग शेवटावर नाही, घाईवर आहे. पहिल्या सहा सीझनना दहा-दहा भाग होते. सातव्याला सात, आठव्याला सहा. आधी एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात पोचायला माणसांना कित्येक भाग लागत आणि वाटेत ती बदलत. शेवटी शेवटी ती एका भागात खंडभर फिरू लागली आणि बदलायला त्यांना वाटच उरली नाही.

ड्रॅगनवाल्या राणीने, डेनेरिसने, शहर जाळावं हे मला चुकीचं वाटत नाही. तिने पूर्वीही जिवंत माणसं जाळली होती, आपण टाळ्या वाजवल्या कारण ती माणसं वाईट होती. पण घंटा वाजतात, शहर शरण आलंय, ड्रॅगनवर बसलेल्या तिचा चेहरा विस्कटतो, ती उड्डाण घेते, आणि त्यानंतर त्या भागात तिचा चेहरा आपल्याला पुन्हा दाखवत नाहीत. आपण खाली गल्ल्यांत, राखेत, पळणाऱ्या लोकांबरोबर. दिग्दर्शनाचा विचार मला कळतो. पण जिच्याबरोबर आठ वर्षं चाललो, तिच्या सर्वांत मोठ्या निर्णयाच्या वेळी आपल्याला तिच्यापासून दूर केलं. आणखी तीन भाग हवे होते, तिच्या एकटेपणाचे.

आठवा सीझन पुन्हा करा, अशा मागणीवर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. मी केली नाही. नापसंती सांगावी, सविस्तर सांगावी, पण दुसऱ्याने लिहिलेली गोष्ट माझ्या मनासारखी करून द्या हे मागणं मला पटत नाही. २००७ मध्ये ‘द सोप्रानोज’ संपली तेव्हा पडदा अचानक काळा झाला. अनेकांना वाटलं ऐन वेळी केबल गेली. लोक भयंकर चिडले होते. आज त्याच काळ्या पडद्याबद्दल माणसं तासन्‌तास प्रेमाने बोलतात. थ्रोन्सच्या शेवटाचं तसं होईल असं मी म्हणत नाही. पण ७३ भागांतले पहिले पन्नास-साठ भाग अजून तिथेच आहेत, त्यांचं कुणी काही बिघडवलेलं नाही. चौथा सीझन काढा. टिरियनचा खटला बघा. त्या भाषणाला शेवटाची गरजच नाही.

प्रश्न : ट्रेलर बघू का? आणि भागाआधी दाखवतात तो मागचा सारांश?

ट्रेलर बिलकूल नको. सारांशही शक्यतो टाळा. दोन सीझन न दिसलेला माणूस सारांशात दिसला की तो आज येणार हे कळतंच. बराच काळ लोटला असेल तर मागचा अख्खा भाग पुन्हा बघा.

प्रश्न : मी साठीची आहे. आयुष्यभर सिनेमे बघितले, अशा सिरीज कधी बघितल्या नाहीत. लांबण भीती घालते. सुरुवात कशाने करू?

‘ॲडोलसन्स’ने करा. मार्च २०२५ ची ब्रिटिश सिरीज, फक्त चार भाग. तेरा वर्षांच्या मुलाला खुनाच्या आरोपाखाली पहाटे घरातून उचलतात, तिथून सुरू. प्रत्येक भाग एकाच अखंड शॉटमध्ये घेतलाय, कुठेही कट नाही. दोन-तीन मिनिटांत तुम्ही ते विसराल, पण तुमची मान आखडलेली राहील.

विषय जड आहे, म्हणून एका बैठकीत बघू नका. विशेषतः तिसरा भाग एकटा बघा आणि दिवसा बघा. एक खोली, एक मुलगा, एक मानसशास्त्रज्ञ. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, स्वतःचं अर्धं सँडविच देते. जवळपास तासभर ती दोघं बोलतात. मुलगा कधी गोड, कधी एकदम अंगावर येणारा. मुलाचं काम केलेल्या ओवेन कूपरचा हा पहिलाच अभिनय, आणि चित्रीकरण याच भागापासून सुरू झालं होतं. त्यासाठी त्याला वयाच्या पंधराव्या वर्षी एमी हे टेलिव्हिजनचं मोठं पारितोषिक मिळालं. पण तुम्ही एरिन डोहर्टीकडे बघा, ती मानसशास्त्रज्ञ झालीय. मुलगा खोलीतून गेल्यावर कॅमेरा तिच्याबरोबरच थांबतो. त्या वेळी तिच्या हातांकडे लक्ष ठेवा.

बघून झाल्यावर लिहा. शेवटच्या भागातल्या वडिलांबद्दल तुम्हाला काय वाटलं, ते मला ऐकायचंय.